टचपॅड अडला की ‘सिनॅप्टिक्स टाका’ हा सल्ला आता थांबवावा

तळापासून (धागाकर्ता)

लिनक्सवर कुणाचा टचपॅड अडला की दोन उत्तरं हमखास येतात. एक, पीएसमाउस मॉड्यूल (जुन्या जोडणीच्या माउस-टचपॅडचा ड्रायव्हर) काढून पुन्हा चढवा. दोन, टचपॅड हाताळणारी आजची लायब्ररी लिबइनपुट बाजूला सारून जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर टाका. नवख्या माणसाला ही उत्तरं देणं थांबवावं, असं माझं ठाम मत आहे. नाडी न बघता दिलेलं औषध आहे ते.

आधी बिघाड कुठल्या थरात आहे ते बघा. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, टचपॅड दिसतो का? प्रॉक-बस-इनपुटमधली डिव्हायसेस ही फाइल उघडा. तिथे त्याचं नाव नसेल तर वरच्या सेटिंग्जना हात लावून उपयोग नाही. नाव असेल तर ईव्हीटेस्ट ही कमांड चालवून पॅडवर बोट फिरवा. आकडे पळाले म्हणजे कर्नलपर्यंत रस्ता मोकळा आहे. मग लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स ही कमांड चालवा. तिथेही हालचाल दिसते आणि कर्सर मात्र ढिम्म, तर डेस्कटॉपकडे वळा.

बऱ्याच नव्या लॅपटॉपचा टचपॅड आयटूसी या वेगळ्या वाहिनीवर असतो आणि त्याला आयटूसी-हिड ड्रायव्हर सांभाळतो. तिथे पीएसमाउस काढला-घातला तरी टचपॅडला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि सिनॅप्टिक्स हा फक्त एक्स सर्व्हरचा, म्हणजे पडदा सांभाळणाऱ्या जुन्या यंत्रणेचा ड्रायव्हर. तिच्या जागी आलेल्या वेलँडवर त्याला कुणी विचारत नाही. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१६ मध्येच, २५व्या आवृत्तीत, वेलँड डीफॉल्ट केलं. तरी आजही लोकांना हे पॅकेज टाकायला सांगितलं जातं. बिचारे रीबूट करत बसतात आणि शेवटी लिनक्सलाच दोष देऊन परत जातात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाटसरू_नगर

पटलं नाही. ज्याला रात्रीत प्रोजेक्ट पुरा करायचाय त्याला तुम्ही थर शिकवणार? आमच्याकडची बरीच मुलं रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतात. ते जुने, टचपॅड पीएस-टू या जुन्या जोडणीचेच. झाकण मिटून उघडलं की पॅड मेलेला. मॉडप्रोब कमांडने पीएसमाउस काढा, पुन्हा चढवा, काम सुरू. ज्याला कुतूहल आहे तो पुढे वाचेल. ज्याला नाही, त्यालाही मदत मिळायला हवी. ज्ञानाची अट घालून मदत करणं मला मान्य नाही.

तळापासून

अट घालत नाही. पण तुमची ओळ दर वेळी झाकण उघडल्यावर मारावी लागते, आणि मूळ कारण तसंच राहतं. तुमच्याच उदाहरणात डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी बघा. सिनॅप्टिक्स कंपनीच्या काही टचपॅडना दोन रस्ते असतात, जुना पीएस-टू आणि वेगवान एसएमबस. पॅड पीएस-टूवर चालत असेल आणि दुसरा रस्ता उपलब्ध असेल, तर कर्नल स्वतःच लिहितो की हा टचपॅड वेगळ्या बसवर चालू शकतो, सिनॅप्टिक्स-इंटरटच हा पीएसमाउसचा पॅरामीटर १ करून पाहा. उलटही होतं. एसएमबसवर असताना झोपेतून उठल्यावर पॅड अडतो आणि तोच पॅरामीटर ० केला की सुरळीत चालतो. मशीन सुरू होताना कर्नलला जाणाऱ्या बूटच्या ओळीत एकदा लिहिलं की रोजची कटकट संपते. हे त्या मुलाला सांगायला फार वेळ लागत नाही.

वाटसरू_नगर

बूटची ओळ बदलताना चुकला आणि मशीन उठलंच नाही तर? मॉड्यूल पुन्हा चढवण्यात तो धोका नाही. रात्री अकरा वाजता मी तरी हेच सांगेन. इंटरटच रविवारी.

शून्यमैल

चुकीच्या इंटरटचमुळे मशीन अडत नाही, फार तर टचपॅड चालणार नाही. शिवाय मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबून तो पॅरामीटर त्या एका बूटपुरता लावून बघता येतो. कायमचं काही बदलत नाही. नवख्याला आधी हेच दाखवावं.

सांजवारा

तुम्ही सगळे बंद पडलेल्या टचपॅडबद्दल बोलताय. माझा प्रश्न चालू टचपॅडचा आहे. वडिलांचं वय झालंय, बोटं कोरडी, स्पर्श अगदी हलका. सिनॅप्टिक्समध्ये फिंगर-लो, फिंगर-हाय हे दोन आकडे कमी केले की त्यांचा स्पर्श ओळखला जायचा. दोन बोटांनी पान सरकवण्याचा वेगही ठरवता यायचा. लिबइनपुटने पर्याय जाणूनबुजून थोडके ठेवले. ‘सगळ्यांना आपोआप नीट चालेल’ हे धोरण ज्यांचे हात सरासरीत बसतात त्यांच्यासाठी ठीक आहे. माझ्या वडिलांचे बसत नाहीत. म्हणून हो, मी लोकांना सिनॅप्टिक्स टाकायला सांगते आणि सांगत राहीन.

शून्यमैल

ताई, दाबाचा उंबरठा लिबइनपुटमध्येही बदलता येतो. ईटीसी-लिबइनपुटमध्ये लोकल-ओव्हरराइड्स नावाची क्वर्क्स (विशिष्ट उपकरणांसाठीचे अपवाद) फाइल करायची आणि त्यात ॲटर-प्रेशर-रेंज लिहायचं, समजा १०:८. पहिला आकडा स्पर्श सुरू झाला असं मानण्याचा, दुसरा सुटला असं मानण्याचा. आकडे अंदाजाने टाकू नका. लिबइनपुट मेझर टचपॅड-प्रेशर चालवा आणि वडिलांनाच बोट फिरवायला सांगा. त्यांच्या हाताचे आकडे समोर येतील.

सांजवारा

हे मी वाचलंय. लिबइनपुटच्याच दस्तऐवजात लिहिलंय की क्वर्क्स ही सेटिंगची जागा नाही, पुढच्या आवृत्तीत हे बदलू शकतं. अपडेट आलं आणि ते बिघडलं तर वडील काय करणार? शिवाय पॅड दाबाचे आकडे देत असेल तरच हे लागू. अनेक नवे पॅड दाब कळवतच नाहीत. आणि सरकवण्याच्या वेगाचं काय? त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही.

तळापासून

वेगाबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. लिबइनपुटने तो प्रश्न डेस्कटॉपवर सोपवला. केडीई या डेस्कटॉपने वेलँडमध्ये त्यासाठी सरकपट्टी दिली, सगळ्यांनी दिली नाही. पण तुमचा सल्ला तुमच्या वडिलांसाठी बरोबर असला तरी ग्नोम डेस्कटॉपवाल्याला तो देऊ नका. ग्नोमने ३.२० पासून सिनॅप्टिक्सचा आधार काढला, आणि तेव्हा कित्येकांच्या सेटिंग्जमधला टचपॅडचा भाग गायब झाला. ती माणसं अजूनही तुमच्यासारख्यांच्या उत्तरावर विसंबून पॅकेज टाकतात.

कोकणकडा

ओपनबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर टचपॅडचं बरंचसं काम कर्नलमधला डब्ल्यूएसमाउसच करतो. टॅपने क्लिक हवं तर डब्ल्यूएसकॉन्सकंट्रोल कमांडने माउस.टीपी.टॅपिंग १ करायचं, कायमचं हवं तर तीच ओळ त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये. लिनक्सवर टचपॅडचं एक सेटिंग शोधायला चार दारं ठोठवावी लागतात. या धाग्यातलं निम्मं भांडण त्यातूनच आलंय.

सांजवारा

ठीक, ग्नोमवाल्यांना नाही सांगणार. मग एक्सवर राहून सिनॅप्टिक्स वापरायचं असेल तर डेस्कटॉप कुठला?

तळापासून

एक्सएफसीई, एक्स सेशनमध्ये. त्याच्या माउस-टचपॅडच्या खिडकीला दोन्ही ड्रायव्हर कळतात. दोन्ही पॅकेजं असतील तर कुठला लागू होणार हे एक्सच्या सेटिंग्जच्या एक्सऑर्ग.कॉन्फ.डी फोल्डरमधल्या फाइलींच्या नावापुढच्या आकड्यावर ठरतं. लिबइनपुटचा ४० आणि सिनॅप्टिक्सचा ७०, म्हणून नंतर वाचलेला सिनॅप्टिक्स जिंकतो. लॉगआउट करून परत आलात की एक्सइनपुट लिस्ट-प्रॉप्स या कमांडच्या यादीत टचपॅडपुढे फिंगर दिसतंय का तेवढं बघा. दिसलं तर तोच ड्रायव्हर चालू आहे.