सिडकोचा भाडेपट्ट्याचा भूखंड घ्यावा की गावठाणातलं जुनं घर दुरुस्त करावं?

पनवेलकर_०७: दोन पर्याय समोर आहेत.

(१) सिडकोचा (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा) 100 चौ.मी.चा भूखंड, वर बैठं घर. पुनर्विक्रीचा व्यवहार. पट्टा 60 वर्षांचा, मूळ करारनामा 1994 चा, म्हणजे 2054 ला संपतो.

(२) जुन्या पनवेलमधलं आजोबांचं घर. साधारण 900 चौ.फू., विटांच्या भिंती, 1974 चा स्लॅब. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव आहे. ते मृत्युपत्र न करता गेले. वारस वडील आणि दोन आत्या. स्लॅबचं प्लास्टर दोन ठिकाणी सुटलंय, सळई दिसते.

राहण्यासाठीच हवंय, 20 वर्षांचं कर्ज लागेल. भूखंडाची जमीन आपली होत नाही म्हणून घरचे नको म्हणतात. जाणकारांनी सांगावं.

दस्तलेखक: "जमीन आपली होत नाही" ही भीती अर्धीच खरी आहे. अख्खी नवी मुंबई पट्ट्यावर उभी आहे आणि तिथे रोज खरेदी-विक्री होते. तेव्हा पट्टा आहे याची चिंता नको, त्याची किती वर्षं उरलीत ते बघा. तुमचं 20 वर्षांचं कर्ज फिटेल तेव्हा पट्टा दहा वर्षांवरही उरलेला नसेल. मधेच, समजा दहा वर्षांनी, विकायला काढलंत तर गिऱ्हाइकाच्या हाती 20 वर्षांपेक्षा कमी येतील, आणि त्याची बँक त्याला लांब मुदतीचं कर्ज देणार नाही. भाव पडतो तो इथे, 2054 साली नाही.

मुदत 99 वर्षांपर्यंत वाढवून देण्याचं धोरण 2018 च्या अखेरीस आलं, पण ते फुकट नाही, एकरकमी अधिमूल्य (प्रीमियम) भरावं लागतं. या भूखंडासाठी ते भरलंय का, ते विकणाऱ्याला आधी विचारा. नसेल तर रक्कम सिडकोकडून लेखी काढून घ्या आणि तेवढी किमतीतून वळती करा. "सगळं फ्री होल्ड होणार आहे", म्हणजे जमीन पूर्ण मालकीची होणार, ही दलालाची टेप ऐकून भाव वाढवून देऊ नका.

मुद्रांकाचं गणितही चुकतं लोकांचं. 29 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नवीन पट्टा असेल तर बाजारमूल्याच्या 90 टक्क्यांवर शुल्क लागतं. तुमचा व्यवहार मात्र चालू पट्ट्याच्या हस्तांतरणाचा आहे, त्याला खरेदीखतासारखंच पूर्ण शुल्क बसतं. शहरी भागात 6 ते 7 टक्के, एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर 1 टक्का सूट. वर नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 च्या पुढे नाही. सिडकोचं हस्तांतरण शुल्क याहून वेगळं. ते कोण भरणार हे इसार देतानाच लिहून घ्या.

कागद पाहताना क्रम सोडू नका. मूळ करारनामा, भोगवटा प्रमाणपत्र, त्यानंतर झालेला भाडेपट्टा दस्त, आणि मधल्या प्रत्येक विक्रीला सिडकोची परवानगी. मधली एखादी विक्री नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर झालेली असेल तर तिथेच थांबा. मुदतीत बांधकाम न केल्याचं अतिरिक्त अधिमूल्य थकलं असेल तर तेही हस्तांतरणाच्या वेळी पुढे येतं. गहाण ठेवायलाही सिडकोचं ना-हरकत लागतं, त्यामुळे इसाराची मुदत आखडती ठेवू नका.

सळई_आणि_सिमेंट: मी फक्त घराबद्दल बोलतो. सळई दिसली म्हणून घाबरून पाडू नका, आणि ठेकेदार "प्लास्टर मारून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट बाहेर ढकलते. वरून प्लास्टर लावलं तर दोन पावसाळ्यांत तेच.

तपासणी अशी करा. सळईपर्यंत काँक्रीट फोडा आणि ताज्या तुटीवर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारा. गुलाबी झालं तर काँक्रीटची अल्कता शाबूत आहे, रंग आला नाही तर तेवढी खोली कार्बोनेशननं (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं अल्कता मारल्यानं) गेली. पण रायगडात एक मेख आहे. जुन्या बांधकामात खाडीची रेती न धुता वापरलेली सापडते. तशा काँक्रीटवर रंग छान गुलाबी येतो आणि आत मिठानं सळई सडत असते. म्हणून चार-पाच ठिकाणची भुकटी काढून क्लोराइडची, म्हणजे या मिठाची, चाचणी घ्याच. ते जास्त निघालं तर ठिगळं लावण्यात पैसा घालू नका. ठिगळाच्या कडेची सळई उलट लवकर गंजते. तो स्लॅब उतरवायचा.

क्लोराइड नसेल तर दुरुस्ती टिकते. आधी जॅक लावून आधार. सळईच्या मागे बोट जाईल इतकं, साधारण 20 मि.मी., फोडायचं. तारेच्या ब्रशनं चकचकीत घासायचं. सळईचा पाव भाग खाल्ला गेला असेल तर शेजारी नवी सळई बांधायची. मग प्रायमर, बाँडिंग कोट, आणि पॉलिमर मॉर्टर 10-15 मि.मी.च्या थरांत.

हे सगळं गच्चीची गळती थांबवल्यावर. आणि जुन्या कोब्यावर (गळती रोखायला गच्चीवर घातलेला विटांचे तुकडे-सिमेंटचा थर) नवा कोबा कधीच नको. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला 180-200 किलो. असे दोन थर पेलायला 1974 चा स्लॅब केलेला नाही.

वरचा मजला डोक्यात असेल तर भिंतीला लागून तीन फुटी खड्डा घेऊन पाया बघा. जोडाई मातीच्या गाऱ्यातली निघाली तर मजल्याचा विचार सोडा.

दस्तलेखक: आणि त्या घरावर एक रुपया घालण्याआधी नावाचा गुंता सोडवा. आत्यांचे हिस्से वडिलांइतकेच. सातबारा असो की मिळकत पत्रिका, वारस नोंद झाली म्हणजे मालकी ठरली असं नाही. दोघींनी खुशीनं सोडायचं असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडपत्राला आता 500 रुपयांचा मुद्रांक पुरतो. साध्या कागदावरची "लेखी संमती" बँकेत चालत नाही. पुढे वडिलांनी तुम्हाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक 200 रुपये, स्थानिक अधिभार वेगळा.

पनवेलकर_०७: आत्या तयार आहेत. पाडून नवीनच बांधलं तर?

सळई_आणि_सिमेंट: आधी महापालिकेकडून रस्तारुंदीची रेषा काढून घ्या. उभं घर आहे त्या जागेवर राहतं, पण पाडलंत की नवा नकाशा रस्तारुंदी आणि सामासिक अंतरं (घराभोवती मोकळी ठेवायची जागा) सोडूनच मंजूर होतो. गावठाणातल्या अरुंद गल्लीत पुढची खोलीच त्यात जाऊ शकते. दुरुस्तीचा अंदाज नव्या बांधकामाच्या निम्म्यापुढे गेला तर मी पाडायच्या बाजूनं असतो, पण रेषा घरातून जात असेल तर निम्म्याच्या वर गेला तरी दुरुस्तीच.

करपात्र: एक राहिलं. जुन्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या खरेदी किंवा बांधकामाच्या कर्जावर व्याजाची वजावट वर्षाला 2 लाखांपर्यंत, दुरुस्तीच्या कर्जावर फक्त 30,000. बँकेत अर्ज भरताना कर्जाचा हेतू काय लिहिता त्यावर हे ठरतं. नवीन प्रणालीत राहत्या घराला दोन्ही नाहीत.

दस्तलेखक: आत्या तयार आहेत म्हणता, तर हक्कसोडपत्र आधी करून टाका. भूखंड घेतलात तरी ते वाया जात नाही. क्लोराइडचा अहवाल हाती येईपर्यंत भूखंडाला नुसतं झुलवत ठेवा, इसार देऊ नका.