अनुभव धागा: बारा शब्द कुठे ठेवले, कसे हरवले, कसे वाचले

मंडळी, नमस्कार. गेल्या महिन्यात घर बदलताना माझं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनाची गुप्त किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र, सापडेना. यंत्र गेलं तरी वॉलेट उघडताना मिळालेले बारा इंग्रजी शब्द शाबूत असले की त्यांतून तीच किल्ली पुन्हा बनते आणि नव्या यंत्रात सगळं परत उभं राहतं, हे माहीत होतं. पण शब्दांचा कागद? तो निघाला जुन्या गॅसच्या पुस्तकात, आणि ते पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यात बांधलेलं. हातपाय गार पडले. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. २०१३ मध्ये त्याची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली, तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली. कचरा डेपो उकरू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं भांडला. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला.

बँकेत काही चुकलं तर शाखेत जाऊन अर्ज तरी देता येतो. इथे किल्ली ज्याच्या हातात, तोच मालक. म्हणून अनुभव लिहा, फसलेलेही. फक्त रक्कम आणि चालू वॉलेटचे शब्द लिहू नका, एकसुद्धा नको.

ठाण्याहून

वॉलेट उघडताना शब्द पडद्यावर आले, मी स्क्रीनशॉट काढला. म्हटलं, नंतर लिहून घेऊ. फोनमधले फोटो आपोआप मेलच्या खात्यावर चढत होते, आणि त्या मेलचा पासवर्ड मी आणखी दोन ठिकाणी वापरलेला. २०२२ च्या गणपतीत सकाळी आरतीआधी सहज बघितलं तर शिल्लक शून्य. व्यवहार पहाटे तीनचा. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, तक्रार नोंदवली. पैसे कुठल्या पत्त्यावर (वॉलेटचा खाते क्रमांकच म्हणा) गेले ते समोर दिसत होतं, परत आणता येत नव्हतं. आता तर मेल फुटायचीही गरज नाही. २०२५ मध्ये उघडकीला आलेलं स्पार्ककॅट नावाचं मालवेअर (चोरटं सॉफ्टवेअर) फोनमधल्या फोटोंतला मजकूर वाचून असे शब्द हुडकतं. कृपा करून आत्ता गॅलरी तपासा.

मिरजेहून

बाबा निवृत्त शिक्षक. २०२१ साली त्यांच्या हौसेखातर मी थोडं इथेरियम, बिटकॉइनसारखंच दुसरं चलन, घेऊन दिलं. शब्द मी वाचले, त्यांनी लिहिले. दोनशे पानी वहीचं शेवटचं पान, समास आखलेला, शाईचं पेन, मोत्यासारखं अक्षर. सगळं देवनागरीत. मी तेव्हा बघितलंच नाही.

दोन वर्षांनी त्यांचा फोन विहिरीत पडला. वही काढली, एकेक शब्द भरत गेले आणि सातव्यावर अडले: 'राइट'. हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात तिच्यात एकूण २०४८ इंग्रजी शब्द आहेत, त्यात 'बरोबर' या अर्थाचा राइट आहे आणि 'लिहिणे' या अर्थाचाही आहे. (ते वॉलेट आता रिकामं केलंय, म्हणून शब्द सांगते.) पहिला टाकला, वॉलेटने नाकारलं. बाराव्या शब्दात तपासणीचा एक भाग दडलेला असतो, बाकीच्यांशी त्याचा मेळ बसला नाही की यंत्र बहुतेक वेळा लगेच अडवतं. बाबा म्हणाले, "अगं, तू म्हणालीस तसंच लिहिलं मी." खरंच होतं ते. दुसरा राइट टाकला आणि उघडलं. बाबांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसत राहिले.

आता स्टीलच्या पट्टीवर रोमन अक्षरं ठोकून घेतली आहेत. यादीतल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, त्यामुळे तेवढीच पुरतात. हात जोडून सांगते, शब्द रोमन लिपीतच लिहा. आणि रक्कम थोडी असतानाच एकदा वॉलेट पुसून त्या कागदावरून परत उघडून बघा.

न्यू जर्सीहून

व्यवहार अडकला म्हणून टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये विचारलं. दोन मिनिटांत 'सपोर्ट'वाला खासगीत आला, गोड बोलला, 'वॉलेट सिंक करा' म्हणत लिंक दिली. बारा चौकोन. अकरा भरले तेवढ्यात बायको मागून म्हणाली, "अरे, हे ओटीपी मागितल्यासारखंच झालं ना?" हात थांबला.

पण तेवढ्याने सुटका होत नाही. अशा पानांवर टाइप केलेलं अक्षर बटण दाबायच्या आधीच पलीकडे पोहोचू शकतं. अकरा शब्द हाती आले की बाराव्यासाठी २०४८ पर्याय, आणि तपासणीत टिकणारे त्यातले फक्त १२८. मिरजेच्या ताईंना जिने मदत केली, तीच तपासणी इथे चोराचं काम सोपं करते. त्याच रात्री नवं वॉलेट काढून सगळं हलवलं.

नाशिकहून

शब्द सांभाळले तरी पाठवताना घात होतो. कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलणारं मालवेअर माझ्या संगणकात शिरलं होतं. पत्त्याची पहिली-शेवटची चार अक्षरं जुळली म्हणून निर्धास्त होऊ नका, तेवढी जुळणारे पत्ते चोर मुद्दाम बनवून आपल्या व्यवहारांच्या यादीत घुसवतात. मी हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर अख्खा पत्ता वाचतो.

कोल्हापूरहून

माझा भाऊ २०२३ मध्ये गेला. वय ३४. फार काटेकोर. फोटो काढलेला नाही, मेलवर ठेवलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही. वर लिहिलेली एकही चूक त्याने केली नाही. आम्हालाही काही सांगितलं नाही.

डायरीत वॉलेटचा पत्ता तेवढा मिळाला. पत्ता टाकला की शिल्लक कुणालाही दिसते, पण हलवायला किल्लीच लागते. वारस दाखला काढलाय, त्याचा इथे उपयोग नाही. आई अधूनमधून विचारते, "आहेत का गं अजून?" मी फोनवर दाखवते. आहेत.

त्याच्या पुस्तकांची दोन कपाटं आहेत. एकातलं पानन् पान उलटून झालं, दुसऱ्याचा वरचा खण चालू आहे.