प्रति: नुसती त्वचा ओढली तर पुरेल का?

'कानापुढची जादा त्वचा कापून टाके घातले की जबडा रेखीव होतो, स्मासला हात कशाला लावायचा?' असं वर फेसलिफ्टबद्दल (चेहऱ्याची सैल त्वचा वर ओढून घेण्याची शस्त्रक्रिया) विचारलंय. स्मास म्हणजे त्वचेखाली, चेहऱ्याच्या स्नायूंना जोडलेला चिवट थर. त्वचेला ताण पेलवत नाही. काही महिन्यांत ती सैलावते, व्रण रुंदावतो आणि कानाची पाळी खाली खेचली जाऊन गालाला चिकटल्यासारखी दिसते. ही पाळी नंतर दुरुस्त करणं किचकट, म्हणून पाळीपाशी त्वचा अगदी बिनताणाची बसवायची.

ओढ द्यायची ती स्मासला. मिट्झ आणि पेरोनी यांनी १९७६ मध्ये वर्णन केलेला हा थर. तो दुमडून टाके घेणं (प्लायकेशन) सोपं, पण टाका नुसत्या चरबीत बसला तर ऊती कापत ढिला पडतो. डीप प्लेन या दुसऱ्या पद्धतीत त्वचा आणि स्मास एकत्र उचलून गालाचे लिगामेंट (गाल जागेवर बांधून ठेवणारे तंतू) सोडवतात. जबड्यावर लोंबणारा गालाचा भाग त्याने चांगला उचलला जातो. मात्र फेशियल नर्व्हच्या (चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या नसेच्या) फांद्या लगेच खाली असतात, त्यामुळे हे नवशिक्याचं काम नव्हे.

मानेत ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह (कानाला संवेदना देणारी नस) जपा. कानाच्या छिद्राखाली सुमारे ६.५ सेंमीवर ती स्टर्नोमास्टॉइडच्या (मानेच्या बाजूच्या मोठ्या स्नायूच्या) मध्यावरून जाते. दुखावली तर पाळी बधिर होते.

ड्रेन (आत साचलेलं रक्त बाहेर काढणारी नळी) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्याने रक्तस्राव थांबत नाही. पहिल्या २४ तासांत रक्तदाब आटोक्यात हवा. एकाच बाजूला वाढती वेदना आणि टणक सूज दिसली, तर आत रक्त साचत असू शकतं; वेदनाशामक देऊन वाट न बघता आधी पट्टी उघडा. धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद. नाहीतर रक्तपुरवठा कमी पडून कानामागची त्वचा मरते आणि काळी पडते.