शब्दचर्चा : बंद, कळी, चौबगला, मगजी

सुईदोरा
आमचा गट शिवकाळातल्या बाजारपेठेचा सजीव देखावा उभा करतो आहे. पोशाख शिवायचं काम माझ्याकडे आलंय. सोबत शिवणाऱ्यांना देण्यासाठी मराठीतून बेतण्याचा कागद लिहितेय आणि नावांपाशीच अडलेय. भाड्याने पोशाख देणारे गुडघ्यापर्यंतच्या कुठल्याही झग्याला अंगरखा म्हणून मोकळे होतात. तर अंगरखा, बाराबंदी आणि जामा यांत शिवणाच्या अंगाने फरक काय? काखेत जो चौकोनी तुकडा बसवतात त्याला मराठीत काय म्हणतात? आणि काठाला वेगळ्या रंगाची पट्टी लावतात ती गोट की मगजी?

जुनी कात्री
ताई, आधी जामा घ्या, कारण तो ओळखायला सगळ्यात सोपा. जाम्याला कमरेशी जोड असतो. वरचं अंग घट्ट, आणि जोडाखाली चुण्या घालून किंवा कळ्या जोडून मोठा घेर. शब्द फारसी, अर्थ नुसता वस्त्र. आपण 'जामानिमा करून निघाला' म्हणतो त्यातला जामा हाच, आणि निमा म्हणजे त्याचा आखूड भाऊबंद. जामदारखान्यातही हाच जामा आहे. राजाचे पोशाख आणि मौल्यवान चिजा ठेवायची ती जागा.

अंगरख्यात छातीवर एक आगा दुसऱ्या आग्यावर येतो आणि बंदांनी बांधला जातो. आगा म्हणजे पुढचा भाग, मागचा तो पिछा. हे दोन शब्द कागदात जरूर घाला, 'फ्रंट' आणि 'बॅक' लिहायची गरज नाही.

बाराबंदी आखूड, कमरेच्या जरा खाली संपणारी. बंद जोडीनेच लागतात, म्हणून बारा बंद म्हणजे ६ गाठी. इथे मला एक राग काढायचाय. हल्ली बाराबंदीला आतून चिकटपट्टी लावतात आणि वरून बारा नाड्या शोभेला लोंबत सोडतात. बंद हा शब्दच बांधण्यातून आला आहे. जो काही बांधत नाही तो कसला बंद? ती झालर झाली. बंदाला 'कसा' असाही शब्द आहे, अनेकवचनी कसे. कसून बांधायचे ते कसे. नाडी मात्र नेफ्यातून ओवायची, म्हणजे विजारीची. दोन्ही शब्द एकाच कागदात आले तर शिवणारीचा गोंधळ उडेल, तेवढं जपा.

काखेतल्या तुकड्याला चौबगला म्हणतात. तो कशाला हवा हे समजून घ्या, म्हणजे नाव लक्षात राहील. जुन्या कपड्याची बाही सरळ पट्टीची असते आणि ती सरळ कडेलाच जोडतात. आपल्या सदऱ्यासारखी गोल मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईची, कापणी तिथे नसते. चौबगला नसेल तर हात वर केला की सगळा कपडा वर ओढला जातो किंवा काखेत फाटतो. तुमच्या देखाव्यात कोणी तलवार उगारणार असेल, गोणी खांद्यावर घेणार असेल, तर हा तुकडा टाळूच नका. तो तिरका बसतो, त्यामुळे ताण पडला की कापड थोडं ताणलं जातं.

पाटीवरची खडू
कळीबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतो. वर निमुळती, खाली रुंद होत जाणारी पट्टी म्हणजे कळी. लांबट आयताकृती कापड तिरपं कापलं की दोन कळ्या निघतात आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही. हातमागाच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान, त्यामुळे घेर वाढवायचा तर कळ्याच जोडाव्या लागत. आता मोठ्या पन्ह्याच्या कापडातून एकसंध गोल घेर कापतात आणि वर 'कळीदार' म्हणून विकतात. त्यात कळी शोधून दाखवा!

सुईदोरा
आगा, पिछा, चौबगला, कळी, बंद, सगळे घेतले. गोट आणि मगजीचं राहिलंच.

जुनी कात्री
माझ्या बोलण्यात गोट रुंद, वेगळ्या कापडाचा, काठावर ठसठशीत दिसणारा. मगजी बारीक, कडेतून दोऱ्याएवढी डोकावणारी. ऐपतदार माणसाच्या अंगरख्याला दोन्ही असायला हरकत नाही.

उसवण
मूळ विषय सोडून एक गंमत. 'बेतणे' म्हणजे अंगाच्या मापाने कापड कापायचं ठरवणं. बेत म्हणजे योजना. 'सत्य घटनेवर बेतलेलं नाटक' म्हणतो तेव्हा घटनेच्या मापाने कापलेलं असंच म्हणत असतो. आणि 'जिवावर बेतलं' हे त्याच क्रियापदाचं भयानक रूप. त्यामुळे कागदाचं नाव 'बेतपत्रक' ठेवलंत तर मला फार आवडेल. मापं मात्र इंचातच द्या. २४ तसूंचा १ गज हा हिशेब वाचायला छान, पण कापताना कोणाला जमणार?

जरतार
सजावटीवर कोणी बोललंच नाही. भरजरी हा शब्द इतका स्वस्त झालाय की चमकणारं काहीही भरजरी. जर, म्हणजे सोन्याचांदीची तार, कापडात विणलेली आहे की कापडावर भरलेली, हे आधी वेगळं करा. किनखापात ती मागावरच विणली जाते. जरदोजीत तयार कापड चौकटीवर ताणून सुईने भरतात. चपटी केलेली धातूची तार म्हणजे बादला. तीच रेशमी दोऱ्यावर गुंडाळली की कलाबतू. हल्लीची बरीचशी जर प्लॅस्टिकची असते, आणि बाजारात 'टेस्टेड' म्हणतात ती तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली. लांबून बघायच्या देखाव्याला ती चालेल. पण चमकीच्या तयार फिती गोंदाने चिकटवू नका, उन्हात सुटतात. आणि कागदात 'लेस' लिहिण्यापेक्षा 'जरीची फीत' लिहा, म्हणजे जाळीची लेस घेऊन कोणी येणार नाही.

पाटीवरची खडू
बाजारपेठ म्हणताय, मग सगळ्यांनाच जर कशाला? हमाल, कोळी, शेतकरी यांना लंगोटी किंवा धोतर, खांद्यावर घोंगडी, डोक्याला मुंडासं. जामा सरदाराला, अंमलदाराला. पाच जणांना साधं आणि एकाला जरतारी दिलं तरच जरतारी उठून दिसेल.

उसवण
शिवकाळात राजव्यवहारकोश, म्हणजे राजकारभारातल्या शब्दांचा कोश, करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी शिवणातले अस्तर, जामा, इजार (आपली विजार) हे शब्द हलले नाहीत. कारकुनाचा शब्द आज्ञेने बदलत असेल, शिंप्याचा तितका सहज नाही.

सुईदोरा
आणखी एक अडचण. सगळं मशीनवर शिवलंय. त्याला 'टीप' म्हणायचं की काही वेगळं?

जुनी कात्री
टीप मशीनचीही असते, हाताचीही. हाताने मागे फिरून घालतात ती उलटी टीप, नुसता पुढे जाणारा तो धावदोरा. शिवणयंत्र घरोघर पोचलं ते १९व्या शतकात आणि नंतर, त्यामुळे प्रेक्षकाला दिसेल तिथे मशीनची टीप नको. आतल्या शिवणी मशीनवर मारा, गळा, बाहीची कड आणि बंद हाताने लावा. बंदाच्या मुळाशी आतून कापडाचा छोटा तुकडा ठेवून टाके घाला, नाहीतर दोन वेळा ओढला की बंद हातात येईल.

नवखा
बाराबंदी अजून वापरात आहे, हे सांगायचं राहिलं. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, धरणारे पांढरी बाराबंदी घालतात. तिथल्या कोणी शिवणाऱ्याने लिहिलं तर बंदांची जागा नक्की कळेल.

जरतार
जाम्याचे बंद कोणत्या बाजूला, हेही कागदात हवं. मोगल काळातल्या चित्रांत हिंदू डाव्या काखेकडे बांधतात आणि मुसलमान उजव्या, असा संकेत सांगितला जातो. तुमच्या बाजारात दोन्ही माणसं असतील, तर आगे उलटसुलट कापावे लागतील.

सुईदोरा
चार जाम्यांचे आगे अजून कापायचे आहेत, बरं झालं वेळेवर कळलं. त्यातले दोन उजवीकडे बांधायचे म्हणून खडूने खूण करून ठेवते.