अनुभव लिहा: हातानं वाढलेलं आणि माघारी ठेवलेलं अन्नदान

वाढदिवसाला, अमावस्येला, वर्षश्राद्धाला अन्नदान करणारे कोल्हापुरात ढीगभर. महिनाअखेरीला गॅसची टाकी भरून देणारा मात्र शोधावा लागतो. रोज पेटणाऱ्या चुलीसाठी कुणी राबलंय का, मृत्युपत्रात काही लिहून ठेवलंय का? तसं असेल तर इथं लिहा. उपदेश नको, काय केलं तेवढंच सांगा.

सुरुवात माझ्यापासून. आमचा गट गुरुवारी रात्री सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आवारात जेवण घेऊन जातो. पेशंटला दवाखान्यातून मिळतं, उपाशी असतो तो सोबतचा माणूस. चंदगड, राधानगरीकडून आलेला, खिशात परतीच्या एसटीपुरते पैसे. "मावशीला दात नाहीत, भाकरी नको, भात वाढा," असं शेजारचाच कुणीतरी सांगतो. एक बाई निम्मी भाकरी खाऊन निम्मी पदरात बांधते. सकाळची सोय. आता आम्ही न विचारताच एक जादा देतो.

प्रयाग चिखलीहून
आमी घेणाऱ्यांच्या रांगेतलं. २०१९ च्या ऑगस्टात गाव पाण्याखाली, शिरोलीजवळ हायवे बंद, बाहेरची मदत पल्याडच अडकलेली. पयल्यांदा पोटात पडलं ते आसपासच्या गावच्या बायकांनी थापलेलं, भाकरी आणि खर्डा. मग ट्रक आलं आणि चपात्यांचा नुसता ढीग. तसल्या दमट हवेत बुरशी धरली. दुसरीकडं ज्याची चूल पाण्यात, त्याच्या हातात पाच किलो तांदूळ! २०२१ ला परत पाणी चढलं तवा आमच्या पोरांनी आधी फोन लावून एकच इचारलं, चूल पेटत्या का? पेटत असंल तर शिधा, नसंल तर शिजवल्यालं. एवढ्या एका प्रश्नानं निम्मी नासाडी वाचली बघा.

केटरिंगवाला, शाहूपुरी
मंगल कार्यालयातलं उरलेलं द्यायचं तर पंगत चालू असतानाच फोन करा. साडेअकराला, पातेली दोन तास उघडी पडल्यावर नको. दही, कोशिंबीर, बासुंदी आम्ही उचलत नाही. मसालेभात वाफाळता असेल तरच.

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी
उभं राहून वाढणं गुडघ्यांमुळं बंद झालं, मग मृत्युपत्र केलं. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, उगाच शंकेला जागा. नोंदणी सक्तीची नाही, मी केली. वकिलांनी दोन गोष्टी बजावल्या. संस्थेचं नाव आपण तोंडी म्हणतो तसं नको, धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं हवं, नोंदणी क्रमांकासह. दुसरं, बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, वाटणी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्कानं होते.

रक्कम आकड्यात न लिहिता हिस्सा लिहिला: ठेवींचा दहावा भाग. दुखण्याखुपण्यात ठेव मोडावी लागली तरी मुलांवर अन्याय नको. वडिलोपार्जित जमिनीला हात लावला नाही. अट एकच, मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून तूरडाळ, तेल आणि गॅस.

(बाई, गॅसचं लिहिलंत म्हणून खास आभार. भिंतीवर नावाची फरशी मागणारे बरेच भेटतात. – धागाकर्ता)

त्याच शिक्षिका, पुन्हा
फरशी नकोच. मुलांना आधी सांगितलंत का, असं कुणीतरी विचारलंय. हो, जेवायला बसल्यावरच सांगितलं. मुलगा थोडा गप्प झाला. मुलीनं कागद वाचून सांगितलं, "आई, नुसतं 'दागिने' लिहू नकोस, पाटल्या कुणाच्या आणि मोहनमाळ कुणाची ते लिही." ती दुरुस्ती करून घेतेय.