घरी ओव्हन नव्हता तेव्हा काय-काय भाजलं? अनुभव सांगा

पऱ्हाटीचं फूल
काल चंपाषष्ठी होती. सांजच्याला देवळामागं रोडगे (कणकेचे गोळे) भाजायला गोवऱ्यांचा जगरा पेटला आणि त्याचा धूर आमच्या सांदीतून थेट स्वयंपाकघरात आला. हातातली भांडी तशीच राहिली अन् एकदम मायचा केक आठवला.

आमचं गाव आर्वीकडलं. १९९२ साल असेल, धाकट्या भावाचा पाचवा वाढदिवस. अंगणवाडीच्या बाईंनी मायला सांगितलं होतं, गंजात (पातेल्यात) रेती टाका, त्यात डबा ठेवा, केक होतो. माय म्हणे, "म्हंजे रोडग्यावानीच झालं. खालून बी आर (निखारे), वरून बी आर." नदीची रेती मी चाळली, दोनदा धुतली, खाटेवर बाबांचं जुनं धोतर पसरून वाळवली. जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) मोठ्या गंजात चार बोटं रेती, त्यात बाबांचा वावरात न्यायचा डबा, तूप लावून. आत रवा, दही, साखर, साय आणि अगदी शेवटी चिमूटभर खायचा सोडा. गंजावर परात झाकली अन् परातीत निखारे.

"उघडू नको बरं" असं मायनं चारदा सांगितलं. ती गोठ्यात गेली तशी मी परात सरकवली. पिवळाजर्द, छान फुगलेला, मधोमध थरथरत होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू बसला. परातीतली राख कडेला सांडली ती वेगळीच. माय आली, पाहिलं, काही बोलली नाही. राखेचा काठ सुरीनं कापून टाकला, परत झाकलं. मधला भाग शिऱ्यासारखा राहिला तो भावानं वाटीत घेऊन खाल्ला. कडेचा बाबांनी दुधात कुस्करला अन् म्हणाले, "गोड भाकर झाली ना वं." पुढं दर वाढदिवसाला आमच्या घरी गोड भाकर व्हायची.

माय जाऊन सहा वर्षं झाली. गंज माझ्याकडं आहे, बूड काळं ते काळंच. तुमच्या घरी काय भाजायचे, कशात भाजायचे, लिहा न.

सांभारवडी
वाचता वाचता पोळी करपली माझी 😢 मायची आठवण काढलीस.
आमच्याकडं कुकर. शिट्टी काढायची, रबर काढायचं, बुडात रेतीच्या जागी जाडं मीठ. ते मीठ पुन्हापुन्हा वापरायचो, डब्यावर चिठ्ठी "केकचं". एकदा पाहुण्यांच्या गडबडीत काकूनं वरणात तेच टाकलं. वरण खारट लागलं तेवढंच, पाहुणे जेवून गेले.

वर्धेकाठचा
केक आमच्या गावात कोणालेच माहीत नव्हता, मी रोडग्याचंच लिहितो. बाहेरच्या लोकायले वाटते का कणकेचा गोळा आगीत फेकला म्हंजे झाला रोडगा. तसं नाही हो. गहू थोडा जाडसर दळून आणा लागते. लहान लहान पुऱ्या लाटून, तेल लावून पाच-सहा एकावर एक ठेवायच्या, मग बाहेरून एक मोठी पारी गुंडाळून गोळा वळायचा. जगरा पेटला की ज्वाळ जाईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. धूर संपला, गोवऱ्या लाल झाल्या, मग पसरवायचा. रोडगे मांडायचे, वरून राख-निखारा ओढायचा. पाऊण तास.

माझे आजोबा एकएक रोडगा हातात घेऊन टिचकी मारत. पोकळ वाजला तर झाला, दबका वाजला तर परत राखेत. गावात कोणाच्याही घरचा नवस असो, टिचकी मारायले बुढ्यालेच बोलवत. भाजल्यावर पोत्यावर घोळून राख झाडायची, वरचा जळका पापुद्रा बैलाले, आतले पदर मोकळे करून तुपात. लिहितानाच भूक लागली.

जवसाची चटणी
टिचकी!! आमच्या मामाकडं पण सेम. 
भाजी कोणती करता, रस्सा का सुकी?

वर्धेकाठचा
आलू-वांग्याचा रस्सा. वरण वेगळं. सुकी भाजी असेल तर रोडगा घशाखाली उतरत नाही.

खामगावची सून
आमच्याकडं चातुर्मासात वांगं बंद असते. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग सुटते. इतक्या महिन्यांनी पहिलं वांगं भाजताना त्याची साल तडतड वाजते न, तो आवाज मला लय आवडते. आमचे सासरे पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या झाडांच्या) जाळावरच भाजत.

जवसाची चटणी
ताई पऱ्हाटीवर फवारणी झालेली असते हो. आम्ही बंद केलं. २०१७ ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर दगावले, तेव्हापासून घरात पऱ्हाटी चुलीत घालायची हिंमत होत नाही. बोरी-बाभळीच्या काटक्यांवर भाजते.

खामगावची सून
खरं आहे. सासऱ्यांच्या काळी एवढी फवारणी नव्हती. आज घरी सांगते. धन्यवाद गं.

मेहकरची लेक
नानकटाई!! कोणी लिहिली कशी नाही?
दिवाळीच्या आठ दिवस आधी आम्ही तिघी बहिणी सायकलला पिशव्या अडकवून तालुक्याच्या भट्टीवर जायचो. एक किलो मैदा, किलोभर पिठीसाखर, पाऊण किलो डालडा. डालडा अन् साखर आई घरूनच परातीत तळहातानं फेसून द्यायची, पांढरीशुभ्र होईपर्यंत. आईचा हात खांद्यापासून दुखायचा. भट्टीवर मैदा मिसळायचा, गोळे वळायचे, अंगठ्यानं दाबून वर चारोळी. पत्र्याच्या ट्रेमध्ये नावाची चिठ्ठी ठेवायची अन् नंबर यायची वाट पाहात बसायचं. कधी रात्रीचे अकरा वाजायचे. आत सरपणाची आग, बाहेर थंडी, आम्ही तिघी एका शालीत.

एका वर्षी ट्रे बदलले. घरी येऊन डबा उघडला तर वेलचीचा वास! आमच्यात जायफळ असते. आई काही बोलली नाही पण डोळे भरले, मेहनत तिची होती न. दुसऱ्या दिवशी दुपारी एक अनोळखी बाई डोक्यावर डबा घेऊन घरं विचारत विचारत आली. "जायफळवाल्या तुम्हीच का?" तिनं एकही खाल्ली नव्हती. आमच्यातल्या मात्र आम्ही सहा-सात संपवल्या होत्या. आईनं त्या बदल्यात जायफळाच्या दहा बांधून दिल्या. त्या मावशींकडून अजूनही दर दिवाळीला वेलचीची नानकटाई येते, आमच्याकडून जायफळाची जाते.

सांभारवडी
अगं बाई किती गोड 🥹 "जायफळवाल्या तुम्हीच का"

पुण्यातला अकोलेकर
रूमवर आहे, गॅस आहे, गोवऱ्या नाहीत. रोडगे खायचे आहेत. काही उपाय?

वर्धेकाठचा
जाड बुडाच्या कढईत थोडं तेल लावून ठेव, झाकण टाक, आच एकदम मंद. दर पाच मिनिटांनी फिरवत राहा. धुराचा वास येणार नाही पण पदर सुटतात. सुट्टीत गावाकडं ये भाऊ, जगरा पेटवू.

मृग बहार
वरुडकडून. आमच्याकडं सध्या संत्र्याचा आंबिया बहार, म्हंजे या मोसमाचं पीक, निघून राहिला. व्यापारी बारीक फळ बाजूला टाकतो, ते घरी पडून राहते. त्याचा मी केक करते, रेतीतलाच. दही घालायची गरज नाही, संत्र्याचा आंबटपणा पुरतो. रवा रसात अर्धा तास भिजवायचा. सोडा टाकला की लगेच फसफसते, म्हणून रेती आधीच तापलेली पाहिजे, सोडा टाकून ताटकळलात तर केक दगड होते. आणि साल सोलल्यावर किसायला जाऊ नका, नागपुरी संत्र्याची साल ढिली, हातात लोळते. अख्ख्या फळावरूनच हलक्या हातानं नारंगी तेवढं किसून घ्यायचं, मग सोलायचं. पांढरं आलं की कडू. 
दोन वर्षं कडू झाला तेव्हा कळलं हे.

पऱ्हाटीचं फूल
मायनं संत्र्याचा कधी केला नाही. हा करून पाहते.

वैनगंगा
मी भंडाऱ्याची, आमच्या झाडीपट्टीत तांदूळच तांदूळ. आजी रात्रीचा उरलेला भात तांदळाच्या पिठात मळून जाड भाकर थापायची, वर-खाली पळसाची पानं, अन् निखाऱ्यावर. पान काळं पडून उलटं वळलं की भाकर फिरवायची. पान सोललं की शिरा न् शिरा भाकरीवर उठलेल्या. ज्याच्या भाकरीवर पान पूर्ण दिसेल त्याला लोण्याचा गोळा मोठा, असा आजीचा कायदा. आम्ही पाच नातवंडं, भांडायचो नुसती. 
आता पळस आहे, आजी नाही, चूलही मोडली.

खामगावची सून
विषय सोडून विचारते. सासूबाई महिन्याभरापासून आजारी, काही जात नाही त्यांना. काल म्हणाल्या ज्वारीच्या कण्या दे ताकात. मिक्सरमध्ये केल्या तर पिठूळ झाल्या, दोन घास खाऊन ठेवल्या. कोणी नीट सांगेल का?

वैनगंगा
बरं वाटो गं त्यांना लवकर 🙏

जवसाची चटणी
मिक्सर नको. ज्वारीला पाण्याचा हात लावून ठेव थोडा वेळ, गिरणीवाल्याला भरड काढ म्हण, घरी चाळणीनं पीठ वेगळं कर. वर राहते त्या कण्या. एक वाटीला चार-पाच वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर दाणा बोटात दाबला जाईपर्यंत. गार झाल्यावरच ताक घाल, गरममध्ये फाटते. लसणाची फोडणी त्यांना चालत असेल तर वरून. माझ्या बाबांना शेवटच्या दिवसांत एवढंच जायचं.

खामगावची सून
गिरणीत जाऊनच येते.

पुण्यातला अकोलेकर
कढईतले रोडगे झाले. चारातले दोन आतून कच्चे. टिचकी मारली होती पण मला आवाज कळला नाही 🙏 उरलेले दोन भारी. रूमवरचे तिघं तुटून पडले.

वर्धेकाठचा
चार-पाच वेळा केले का कान तयार होते. मलेही आजोबा गेल्यावरच मारा लागली पहिली टिचकी.

सांभारवडी
फूल, रेती किती वेळ तापवायची ते लिहिलं नाहीस. पोरगी मागं लागली आहे, रविवारी करायचा म्हणते.

पऱ्हाटीचं फूल
गॅसवर असेल तर झाकण ठेवून दहा मिनिटं मोठ्या आचेवर, मग डबा ठेवून बारीक. डबा रेतीत रोवायचा नाही, नुसता वर बसवायचा, नाहीतर बूड करपते. पाऊण तास तरी झाकण काढायचं नाही. मग खराट्याची स्वच्छ काडी खुपसून पाहा, कोरडी निघाली की झाला.
पोरीला गंजाजवळ एकटी सोडू नको.

खामगावची सून
वाटीभर कण्या खाल्ल्या सासूबाईंनी. अजून मागितल्या.