उन्हाळी स्नेहसंमेलन: ‘सेलेंजर्स राउंड’ बसवू या का?

मंडळी, नमस्कार.

लेझीम आणि भोंडला आपण करणारच आहोत. त्यांच्या जोडीला यंदा ‘सेलेंजर्स राउंड’ हा इंग्लंडचा जुना फेर बसवावा, असं मला फार वाटतं. आपली मुलं इथेच वाढताहेत, त्यांच्या पायांना इथलाही ठेका कळू दे.

जोड्यांनी गोल धरायचा. आठ पावलं डावीकडे सरकत जायचं, आठ उजवीकडे. मग ध्रुवपद: मध्याकडे दोन संथ पावलं, झरझर मागे, जोडीदारासमोर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पाऊल टाकून स्वतःभोवती गिरकी. हे सगळं पुन्हा एकदा. कडवी बदलतात, ध्रुवपद तेच राहतं, त्यामुळे चुकलेला माणूस तिथे परत सापडतो. किती जोड्या हव्यात याला बंधन नाही, म्हणून आपल्याला अगदी सोयीचा.

चाल १६व्या शतकातली. नाचाची कृती मात्र छापली गेली ती १७व्या शतकात, लंडनचा प्रकाशक जॉन प्लेफर्ड याच्या नृत्यपुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत.

– सांस्कृतिक समितीतून

*

ताई, नमस्कार.

कल्पना उत्तम. मी विल्यम बर्ड या जुन्या इंग्लिश संगीतकाराने याच चालीवर केलेली व्हर्जिनलची (पियानोआधीचं एक छोटं कळफलकाचं तंतुवाद्य) रचना ऐकली. ती १५९१च्या ‘माय लेडी नेव्हेल्स बुक’ या हस्तलिखितात आहे. १९५३ साली, दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, बेंजामिन ब्रिटन, टिपेट, वॉल्टन यांच्यासह सहा संगीतकारांनी ऑल्डबरा महोत्सवासाठी हाच धागा पुन्हा हाती घेतला. मग बर्डच लावून नाचायचं का? आणि ‘साइडिंग’, म्हणजे कडव्यात जोडीदाराच्या बाजूला जाऊन परत येणं, मला दोन तऱ्हांनी दिसलं. कुठलं धरायचं?

– तबलावाला काका

*

काका,

शिकताना बर्ड नको. त्याच्या हातात चाल हळूहळू बारीक, धावत्या सुरांनी भरत जाते आणि नवख्या पायाला सम सापडत नाही. व्हायोलिन आणि रेकॉर्डरवर (ती उभी धरून फुंकायची बासरी) साधी चालच वाजवू. पण नाच बसल्यावर सगळ्यांनी बर्ड ऐकायचाच, हा माझा हट्ट. कितीही नक्षी झाली तरी चालीचे टप्पे जागच्या जागी असतात. मध्याकडे कधी जायचं, गिरकी कधी घ्यायची, हे बसल्या जागी पायांना कळतं. नुसतं ऐकून मला ती रचना इतकी कधीच उलगडली नव्हती.

साइडिंगचं म्हणाल तर प्लेफर्डच्या सूचना फार त्रोटक आहेत. लोकनृत्यांचा संग्राहक सेसिल शार्प याने २०व्या शतकाच्या आरंभी त्यांचा अर्थ लावला, तो जोडीदाराशी जागा बदलून परत येण्याचा. पुढे नृत्य-अभ्यासक पॅट शॉने मांडलेली तऱ्हा सोपी: खांद्याला खांदा येईपर्यंत पुढे, मग तसंच मागे. आपण शॉची घेऊ, लहानांची जागा हरवणार नाही.

रेकॉर्डर वाजवणारं कोणी यादीवर आहे का? आणि काका, सरावाला तुम्ही डफ घेऊन याच. हा ठेका सहा मात्रांचा आहे, तीन-तीनचा. तुमच्या हाताला दादऱ्यामुळे ओळखीचाच वाटेल.